आकाश पाटी व तिचे टीकाकार

कोणतीही नवी वस्तु प्रचारांत आली म्हणजे तिच्या स्तुतिपाठकांबरोबर तिचे निंदकही जन्मास येतात. पूर्वीं पंतोजींच्या शाळेंत मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत. 'धुळाक्षरें' हा शब्द त्याचीच आठवण होय. पुढें दगडी पाटी आली, मग कागदाची वही आली. याच मालिकेंतील अलीकडची पाटी म्हणजे टॅब्लेट संगणक. 'टॅब्लेट' या शब्दाचा जुना अर्थही लिहावयाची पाटी असाच आहे. आपल्या देशांत 'आकाश' नांवाच्या पाटीचा गाजावाजा पुष्कळ झाला आणि तिची निंदाही तितकीच झाली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीचें काम आपल्या उपनगरांतील पवई येथें झालें; म्हणून तिच्यावरील आक्षेपांचा शांतपणें विचार करणें आपणांस उचित होईल.

'आकाश' ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्ली येथें तत्कालीन केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्तें प्रसिद्ध झाली. डेटाविंड या कंपनीनें ती पुरविली होती. सात इंची पडद्याची ही पाटी सरकारास सुमारें ५० डॉलरांस, म्हणजे त्या वेळच्या अडीच हजार रुपयांच्या आंत पडली. त्याच वर्षीं आयपॅडची दुसरी आवृत्ति भारतांत विक्रीस आली. तिच्या सर्वांत स्वस्त नगाची किंमत २९,५०० रुपये होती. एका आयपॅडच्या मोलांत बारा आकाश पाट्या सहज आल्या असत्या. ही तुलना ध्यानांत ठेवूनच पुढील आक्षेप पाहिले पाहिजेत.

पहिला आक्षेप असा कीं, ही पाटी मंद होती आणि तिचा पडदा बोटास दाद देत नसे. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचें कारण समजून घ्यावें. पहिल्या आकाशाचा पडदा दाबाचा होता. त्यांत दोन विद्युद्वाहक थर किंचित् अंतरानें बसविलेले असतात. वरचा लवचीक थर बोटानें दाबला म्हणजे तो खालच्यास भिडतो आणि स्पर्श कोठें झाला तें यंत्रास कळतें. महाग पाट्यांत काचेवर सूक्ष्म विद्युद्भार असतो. बोट नुसतें टेकतांच त्या भारांत फरक पडतो व दाबण्याचें कारण उरत नाहीं. पहिला प्रकार स्वस्त, दुसरा महाग. शिवाय पहिल्या आकाशाचा प्रोसेसर, म्हणजे गणन करणारा भाग, ३६६ मेगाहर्ट्झचा होता. त्याची घडी सेकंदास सुमारें साडेछत्तीस कोटी ठोके देई.

परंतु दोष दिसल्यावर तो दुरुस्त झाला कीं नाहीं, हें टीकाकारानें पाहावयास नको काय? २०१२ सालीं हें काम पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेकडे आलें व प्राध्यापक दीपक फाटक यांनीं त्याची धुरा वाहिली. ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें दुसरी आवृत्ति प्रकाशित झाली. तिच्यांत प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास शंभर कोटी ठोक्यांचा होता. स्मृति २५६ वरून ५१२ मेगाबाइट झाली होती. आणि पडदा महाग पाट्यांसारखा हलक्या स्पर्शाचा होता. किंमत मात्र २,२६३ रुपये, व सरकारी साहाय्य वजा जातां विद्यार्थ्यास ती १,१३० रुपयांस पडावी अशी योजना होती. एका वर्षांत एवढी सुधारणा झाली असतां पहिल्याच नगावरून निकाल देणें न्यायाचें नव्हे.

दुसरा आक्षेप, ही पाटी खरी भारतीय नव्हे. तिचे भाग चीनमध्यें घडले. कांहीं भाग तेथें घडले हें खरें, आणि ती सर्वस्वी स्वदेशी म्हणून डंका पिटणें चूकच होतें. परंतु गिरणगांवांतील जुन्या गिरण्यांचे कित्येक माग विलायतेहून आलेले होते, म्हणून तेथील कापडास मुंबईचें म्हणावयाचें कोणी सोडलें नाहीं. पाटीची खरी किंमत तिच्यावर काय लिहिलें जातें यावर ठरते. पवईंत आकाशावर सी व पायथन या भाषांत प्रोग्रॅम लिहिण्याची आणि सायलॅबनें गणित करण्याची सोय करण्यांत आली. तेथील 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमाचे पाठ मराठींतही ऐकावयास मिळतात. महागड्या पाटीवर चित्रपट पाहणाऱ्यापेक्षां स्वस्त पाटीवर प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा अधिक श्रीमंत नव्हे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्या शाळेंत फळा धड नाहीं, शिक्षक पुरेसे नाहींत, तेथें पाटी वाटून काय साधणार? याचें उत्तर एवढेंच कीं, पाटी ही शिक्षकाच्या जागीं नव्हे, तर त्याच्या हातीं द्यावयाची असते. म्हणूनच पवईच्या संस्थेनें या पाटीचा अध्यापनांत उपयोग कसा करावा याचें शिक्षण अध्यापकांस देण्याचें काम हातीं घेतलें. जेथें शिक्षक तयार नसतील तेथें उत्तम यंत्रही कपाटांत धूळ खाईल. हा दोष यंत्राचा नव्हे, व्यवस्थेचा होय.

शेवटीं कोणी म्हणतात, योजनाच गुंडाळली गेली, मग समर्थन कशाचें करतां? योजना पुढें बंद पडली हें निर्विवाद आहे. पण जी कल्पना तिच्या मुळाशीं होती ती मेली नाहीं. मुंबई महानगरपालिकेनें २०१५ सालीं आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांस पाठ्यपुस्तकें भरलेल्या टॅब्लेट पाट्या देण्यास आरंभ केला. दप्तराचें ओझें हलकें व्हावें हा त्यांतील हेतु. आणि २०२० सालीं महामारीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां काय घडलें हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ज्या घरीं मुलाच्या हातीं स्वतःचा पडदा होता तेथें शाळा चालू राहिली. जेथें वडिलांचा एकच मोबाइल, आणि तोही वडील कामावर गेले कीं त्यांच्या खिशांत, तेथें ती थांबली. गरिबाच्या मुलाला पाटी कशाला, असें विचारणाऱ्यांस त्या वर्षानें उत्तर दिलें.

पालकांच्या मनांत खेळांचें वेड, डोळ्यांस शीण व बिघडणारें हस्ताक्षर यांची भीति असते, आणि ती रास्त आहे. उपाय मात्र साधे आहेत. पाटी घरांतील बैठकीच्या जागींच वापरावी. तिच्या वापराची वेळ ठरलेली असावी. मधून मधून दृष्टि दूरच्या वस्तूवर न्यावी. निजतांना ती उशाशीं नसावी. आणि रोज एक पान हातानें लिहावें.

विद्यार्थ्यांनो, दुकानांत पाटी पाहतांना ती किती झगझगीत आहे असें विचारूं नका. ती मला काय शिकूं देईल, आणि माझ्याइतकीच हुशार पण माझ्याहून गरीब अशा शेजाऱ्याच्या मुलीला ती परवडेल काय, हे दोन प्रश्न विचारा. आकाश पाटीचे दोष पुष्कळ होते; पण दुसरा प्रश्न आपल्या देशांत मोठ्या आवाजांत तिनें विचारला, आणि तेवढ्यासाठीं तरी तिच्याविषयीं बोलतांना जीभ आवरती घ्यावी.