नेमबाजीची तोंडओळख (लेखांक ७) : स्कोप किती उंच बसवायचा?

मागच्या लेखांकात स्कोपची निवड झाली. आता तो रायफलवर चढवायचा. रिंगांचे स्क्रू आवळण्याआधी एक चाचणी घ्या. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून ती खांद्याला लावा, डोळे मिटा, गाल बटावर सहज टेकवा आणि मग डोळे उघडा. काठापर्यंत उजळ, पूर्ण गोल चित्र दिसलं, तर जागा बरोबर आहे. वर किंवा खाली काळी कोर दिसली, तर उंची चुकली आहे. सगळीकडून काळं कडं दिसलं, तर स्कोप पुढे-मागे सरकवायला हवा. स्कोपचं विशालन (चित्र किती पट मोठं दिसतं ते) बदलता येत असेल, तर ही चाचणी सर्वात जास्त विशालनावर घ्या. तिथे डोळ्याला मिळणारी मोकळीक सर्वात कमी असते.

नवशिके इथेच फसतात. चित्र नीट दिसत नाही म्हणून ते मान उचलतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. पण गाल लाकडावरून सुटला की डोळ्याला ठरलेली जागा उरत नाही. लक्ष्याचं प्रतिबिंब आणि रेटिकल (स्कोपच्या आतली नेमाची खूण) एकाच प्रतलात नसतील, तर डोळा किंचित हलला तरी रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसतं. शिवाय अधांतरी मानेने वीस-पंचवीस गोळ्या झाडून पाहा, खांद्यापर्यंत ताठरपणा येतो.

हा पेच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने मोसिन-नागां रायफलवर पीयू हा साडेतीनपट विशालनाचा स्कोप बसवला, तेव्हा बोल्टचा सरळ दांडा उचलताना स्कोपला अडू लागला. म्हणून तो लांब करून खाली वाकवावा लागला. बट मात्र स्कोपविना, माशीवरून नेम धरण्यासाठी बेतलेलाच राहिला. त्यामुळे नेमबाजाला गालाऐवजी हनुवटी टेकवून भागवावं लागे. अमेरिकी गॅरंड रायफलमध्ये काडतुसांची क्लिप वरून भरत असल्याने स्कोप डावीकडे सरकवला गेला, आणि चेहराही तिकडे यावा म्हणून बटाला चामड्याची गादी बांधली. ब्रिटिशांनी आपल्या ‘नंबर ४ (टी)’ रायफलच्या बटावर लाकडी चीकपीस स्क्रूने बसवला. मला यातला ब्रिटिश उपाय सर्वात पटतो. स्कोप वर गेला की गालाचा आधारही वर न्यायचा, इतकं ते सरळ आहे. आज चीकपीस खाली-वर करता येणारे स्टॉक मिळतात. तसा नसेल, तर फोमची पट्टी चापून बांधली तरी काम होतं.

‘जितका खाली तितका चांगला’ हे नेहमी ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. स्कोपचं पुढचं तोंड बॅरलला टेकता कामा नये, दोन-तीन मिलिमीटर फट हवीच. समजा पुढच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ४८ मिमी आहे. म्हणजे त्रिज्या २४. त्यात फटीचे २ मिळवले की २६. रेल (रिंगा जिच्यावर बसतात ती पट्टी) बॅरलच्या पाठीपेक्षा ४ मिमी उंच असेल, तर रेलच्या वर स्कोपचा मध्य किमान २२ मिमी हवा. रिंगा घेताना हाच आकडा बघायचा. मग बोल्ट पूर्ण उचलून, मागे ओढून पाहा, स्कोपला लागतो का. बॅरल मोडून भरायच्या एअर रायफलमध्ये छर्रा ठेवायला बोटांना जागा राहते का, हेही तपासा.

स्कोपचं डोळ्यापासूनचं अंतर साधारण ८५ ते ९५ मिमी असतं. जोरदार धक्क्याच्या रायफलवर ते कमी पडलं, तर स्कोपची कड भुवई फोडते. स्प्रिंगच्या एअर रायफलचा धक्का वेगळा असतो. पिस्टन सुटताच ती मागे जाते आणि पिस्टन थांबताना पुढे झटका देते. या दुहेरी हिसक्याने स्कोप रेलवर हळूहळू मागे सरकतो, म्हणून स्टॉप पिन असलेलाच माउंट घ्या. एअर रायफलसाठी न बनवलेले चांगले महागडे स्कोपही या हिसक्याने निकामी होतात.

रेटिकलची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवा. मग रिंगांचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. साधारण दोन न्यूटन-मीटर जोर पुरे. त्याहून आवळलं, तर नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकते.

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही, तिथे छिद्राची साइट असते. तरीही गालाचा प्रश्न सुटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरावा लागतो. तिन्ही वेळा डोकं वेगळ्या कोनात येतं. म्हणून या प्रकारातले खेळाडू स्थिती बदलताना चीकपीस आणि बट पुन्हा जुळवतात.

पुढच्या लेखांकात झिरोइंग, म्हणजे स्कोपचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं. तोवर रिकाम्या रायफलवर ती डोळे मिटायची चाचणी रोज दहा वेळा करा.