तंबूत सुरू झालेले विद्यापीठ

बारावीचा निकाल लागला की घराघरांत कॉलेजची चर्चा सुरू होते. इमारत किती मजली आहे, हॉस्टेलमध्ये काय काय सोय आहे, कॉम्प्युटर किती आहेत, हे आपण बारकाईने विचारतो. तिथे शिकवणारे कोण आहेत आणि ते किती वर्षे टिकून आहेत, हे विचारणारे पालक आम्हा शिक्षकांना क्वचितच भेटतात. म्हणून या महिन्यात आम्ही दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाची पहिली सत्तावीस वर्षे वाचकांसमोर ठेवत आहोत. आज ते मोठे केंद्रीय विद्यापीठ आहे. त्या काळी मात्र त्याच्याकडे स्वतःची जागा नव्हती, सरकारी अनुदान नव्हते आणि त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमतही नव्हती.

सरकारी पैसा नको

असहकार आणि खिलाफत चळवळीच्या काळात इंग्रज सरकारच्या मदतीवर चालणारी कॉलेजे सोडा, अशी हाक देण्यात आली. अलीगढच्या काही विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी ती मानली. 29 ऑक्टोबर 1920 रोजी अलीगढमध्येच शेख-उल-हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते नव्या विद्यापीठाचा पाया घातला गेला. जामिया म्हणजे विद्यापीठ आणि मिल्लिया म्हणजे राष्ट्रीय. हकीम अजमल खान पहिले अमीर-ए-जामिया, म्हणजे कुलपती झाले. मौलाना मोहम्मद अली जौहर पहिले शेख-उल-जामिया, म्हणजे कुलगुरू झाले. सुरुवातीचे वर्ग तंबूंत भरले.

पुढे चळवळ ओसरली. 1924मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच संपुष्टात आली आणि खिलाफत समितीकडून येणारा पैसाही आटला. जामिया बंद करावी, असे अनेकांचे मत झाले. ती चाललीच पाहिजे, पैशाची अडचण असेल तर मी झोळी घेऊन फिरेन, अशा आशयाचे उत्तर गांधीजींनी दिले. 1925मध्ये जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली. तिथेही जागा भाड्याचीच होती. हकीमसाहेब बराचसा खर्च स्वतःच्या खिशातून भागवत. 1927च्या डिसेंबरमध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि हा आधारही गेला.

बर्लिनहून आलेले तिघे

त्या सुमारास झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे तीन तरुण जर्मनीत होते. आम्ही येईपर्यंत जामिया बंद करू नका, असे त्यांनी तिकडून कळवले आणि 1926मध्ये ते परतले. झाकिरसाहेबांनी बर्लिनमधून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती, मुजीबसाहेब ऑक्सफर्डचे पदवीधर होते. चांगल्या पगाराची नोकरी त्यांना कुठेही मिळाली असती. वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी झाकिरसाहेब या कर्जबाजारी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि 1948पर्यंत त्या पदावर राहिले.

1928मध्ये शिक्षकांनी अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली नावाची संस्था स्थापन करून जामियाचा कारभार स्वतःकडे घेतला. तिचे आजीव सदस्य व्हायचे तर दोन अटी पाळाव्या लागत. वीस वर्षे जामियाची सेवा करायची आणि दरमहा 150 रुपयांहून जास्त पगार घ्यायचा नाही. या प्रतिज्ञेवर पहिल्या तुकडीत अकरा जणांनी सह्या केल्या. प्रत्यक्षात 150 रुपयेही हाती पडत नसत, पगार थकत. त्या तंगीत घरातल्या बायकांनी चूल कशी पेटती ठेवली असेल, याची कल्पना आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. जामियाच्या इतिहासात त्यांची नावे फारशी येत नाहीत, पण त्या अकरा सह्यांखाली त्यांचीही सही आहे, असे आम्ही मानतो.

शाळेतले दुकान आणि बँक

जामियात अगदी लहान मुलांपासून कॉलेजच्या तरुणांपर्यंत सगळे एकाच आवारात शिकत. प्राथमिक शाळेत मुले हाताने काम करून शिकत. मुलांचे दुकान होते, मुलांची बँक होती, हिशेबही मुलेच ठेवत. मुलांसाठी 'पयाम-ए-तालीम' हे मासिक निघे. 1922मध्ये सुरू झालेल्या मकतबा जामियाने स्वस्त आणि चांगली उर्दू पुस्तके घरोघर पोहोचवली. बाहेर 'हमदर्दान-ए-जामिया' या नावाने सामान्य लोक छोट्या छोट्या रकमा देत राहिले. मोठा देणगीदार नसला तरी छोटे हजार हात चालतात, हे त्यातून दिसले.

झाकिरसाहेबांचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मुले मळक्या बुटांनी शाळेत येत, सांगूनही ऐकत नसत. एके दिवशी कुलगुरू स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले. त्यानंतर कोणाला काही सांगावे लागले नाही.

गेर्डा फिलिप्सबोर्न या बर्लिनच्या ज्यू बाई. तिथेच त्यांची या तिघांशी ओळख झाली होती. हिटलरचा काळ सुरू होत असताना त्या जामियात आल्या आणि लहान मुलांच्या शाळेत रमल्या. मुले त्यांना आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून आपल्या पुरंदरच्या छावणीत स्थानबद्ध केले. तिथून सुटल्यावर त्या जामियात परतल्या, पण प्रकृती ढासळली होती. 1943मध्ये त्या वारल्या आणि जामियाच्या कब्रस्तानातच त्यांना जागा मिळाली.

सर्वांत लहान मुलाची कोनशिला

1 मार्च 1935 रोजी ओखला गावात जामियाच्या स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसली. त्यासाठी कोणी नवाब किंवा पुढारी बोलावला नव्हता. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या, अब्दुल अझीझच्या हातून ती बसवण्यात आली.

आम्हा शिक्षकांना यानंतरचा टप्पा जवळचा वाटतो. 1937मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची योजना आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाकिरसाहेब होते. हस्तोद्योगातून शिक्षण हा तिचा गाभा. पुढच्याच वर्षी जामियाने 'उस्तादों का मदरसा', म्हणजे शिक्षकांना घडवणारी शाळा काढली.

1946च्या नोव्हेंबरमध्ये रौप्यमहोत्सव झाला. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता, तरी जिना आणि नेहरू जामियाच्या एकाच व्यासपीठावर बसले होते. पुढच्या वर्षी दंगलीत करोलबागेतला मकतबा लुटून जाळण्यात आला. सात लाख रुपयांचे नुकसान झाले. पण जामिया चालू राहिली.

आपण काय घ्यायचे?

ही कहाणी सांगताना एक सावधगिरी आम्हाला महत्त्वाची वाटते. आपल्या राज्यात विनाअनुदानित शाळांत कितीतरी शिक्षक वर्षानुवर्षे तुटपुंज्या पगारावर किंवा पगाराविनाच राबतात. त्यांना जामियाचे उदाहरण देऊन गप्प बसवणे हा अन्याय होईल. जामियाच्या शिक्षकांनी त्याग स्वतः निवडला होता आणि संस्थेचा कारभारही त्यांच्याच हाती होता. त्याग शिक्षकाचा आणि निर्णय संचालकांचा, अशी विभागणी तिथे नव्हती. दुसऱ्यावर लादलेला त्याग हे शोषणच असते.

1988मध्ये जामिया केंद्रीय विद्यापीठ झाले. आज तिथे डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाचे मोठे ग्रंथालय आहे. अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला उमेदवारांसाठी निवासी कोचिंग अकादमीत यूपीएससीची मोफत तयारी करून घेतली जाते. प्रवेश परीक्षेतून निवड होते. आपल्या गावातल्या हुशार मुला-मुलींपर्यंत ही माहिती पोहोचवायला हवी.

मुलांसाठी कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत जरूर पाहा. पण तीन प्रश्नही विचारा. शिक्षक कायम आहेत की दरवर्षी बदलतात? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि तिथे मुले दिसतात का? विद्यार्थ्यांच्या हाती कोणते काम सोपवले जाते? या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर संस्था लहान आहे म्हणून ती नाकारू नका.

झाकिरसाहेब 1967मध्ये राष्ट्रपती झाले. 3 मे 1969 रोजी ते अल्लाहला प्यारे झाले. एव्हाना सारा देश त्यांचा होता, पण त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे.