एकराला सात माणसं

फेब्रुवारी सरत आला होता. पहाटेच्या एसटीनं नगरहून करमाळ्याकडे चाललो होतो. रुईछत्तीशी मागे पडली, मिरजगाव अजून यायचं होतं. बाहेर चांदणं होतं आणि त्या चांदण्यात शेतात माणसं वाकलेली दिसली. बॅटरी नाही, कंदील नाही. पिकाची उभी भिंत आणि तिच्या पुढ्यात पाच-सहा वाकलेल्या पाठी. शेजारच्या सीटवरच्या बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘शाळू काढत्यात. उन्हात निघंल का?’’ आणि पुन्हा डोळे मिटून बसले.

तेवढ्यासाठी मी परत गेलो. पुण्याहून सुट्टीत निघालेल्या गाड्या पश्चिमेला वळतात, मुळशीला, ताम्हिणीला, पवनेला. पूर्वेला सीनेचं खोरं आहे हे कुणाच्या गावी नसतं. ही नदी नगरजवळ उगम पावते, बरंच अंतर नगर आणि बीडची हद्द सांभाळत जाते आणि दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. तिथला 1018 चा शिलालेख बघायला अभ्यासक जातात. अलीकडे चौंडी आहे, अहिल्यादेवींचं जन्मगाव. 2025 च्या मे महिन्यात राज्याचं मंत्रिमंडळच तिथे बैठकीला आलं होतं. चौंडीच्या वरच्या अंगाला, मिरजगावच्या आसपास बघण्यासारखं काय आहे, असं विचारलं तर गावातलेच लोक रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याचा रस्ता दाखवतात. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळवीट हद्द पाळत नाहीत आणि कोवळी ज्वारी त्यांना आवडते, त्यामुळे शेतकऱ्यांचं अभयारण्याविषयीचं मत पर्यटकांपेक्षा वेगळं आहे.

इथे कडे नाहीत, धबधबे नाहीत. जमीन इतकी सावकाश उतरते की चालताना उतार जाणवतही नाही. पण नदीच्या अंगाला काळी खोल माती आहे, आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हे त्या मातीचं पीक. गणपतीच्या आगेमागे, उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायचं. पुढे पाऊस नाही पडला तरी जमिनीतल्या ओलीवर पीक येतं. माती वाळते तशा भेगा पडतात आणि भेगांतून ओल उडून जाते. म्हणून कोळपं फिरवून भेगा बुजवायच्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं इथले लोक म्हणतात.

मी पोचलो तेव्हा उजाडायला अवकाश होता. शेतमालक बांधावर उभे होते, वावर तीन एकरांचं. त्यांनी पहिल्यांदा जे सांगितलं ते असं, ‘‘एकराला सात माणसं लागत्यात दिवसाला. मला चार मिळाली.’’

चौघांत एक आजी होत्या. सत्तरीकडे झुकलेल्या, अंगावर नवऱ्याचा असावा असा लांब बाह्यांचा सदरा, दोन्ही तळव्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या. शाळू कापत नाहीत, उपटतात. विळ्यानं कापलं तर धसकटं रानात राहतात आणि कडब्याचा बुडखा वाया जातो. आजी दोन-तीन ताटं एकत्र धरत, कमरेतून जराशा वळत आणि ओढत. हिसका नाही, वळण. मुळं सुटताना खसकन आवाज येई. मग बुडखा पायाच्या नडगीवर आपटून माती झाडायची आणि ताटं आडवी टाकायची. उपटणं, झाडणं, टाकणं, सगळं एका लयीत. तरणा गडी त्यांच्या पुढे होता, पण तो हातांच्या जोरावर ओढत होता; नऊ वाजता तो तळवे फुंकत बसला आणि आजी त्याला मागे टाकून गेल्या.

मीही ओढून पाहिलं. ताट निघालं, मुळाशी मुठीएवढं ढेकूळ घेऊन. ते फुटलं तेव्हा वास आला. वरची माती पांढुरकी, भेगाळलेली, आणि मुळाच्या गाभ्यात मात्र अजून गार ओल. सप्टेंबरच्या पावसाचा वास फेब्रुवारीत. त्या वासासाठी मी उगाच आणखी चार-पाच ताटं उपटली. पात्यांनी मनगटं ओरबाडली आणि आजींच्या लांब बाह्यांचा अर्थ कळला.

पहाटेचं कारणही तेव्हा समजलं. दवानं पाला मऊ असतो, कापत नाही आणि झडत नाही. ऊन चढलं की पाला कुरकुरीत होऊन गळतो आणि कडब्याचा भाव पाल्यावर ठरतो. पेंढ्याही सकाळच्या ओलाव्यातच बांधायच्या. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, असा हिशेब आजी बोटांवर करत होत्या. पुढची कामं म्हणजे कणसं मोडणं, वाळवणं, ट्रॅक्टरवरच्या यंत्रातून मळणी. त्यात अंगाला खाज सुटण्यापलीकडे पाहण्यासारखं फारसं नाही.

सात माणसं. मालक हा आकडा दिवसभर घोळवत होते. वडिलांच्या वेळी सात कधी मोजावी लागली नाहीत, भावकीच तेवढी होती, आज यांचं वावर, उद्या त्यांचं. आता भावकीतली दोन पोरं चाकणला कंपनीत आहेत, एक रांजणगावला. यंत्र का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, यंत्र कापतं, उपटत नाही, आणि आडवा पडलेला शाळू त्याला उचलता येत नाही.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. शहरात ज्वारीच्या भाकरीला मान आला, ज्वारीची बिस्किटं आली. हिवाळ्यात हुरडा पार्ट्यांचे फलक रस्त्याला लागतात. आगटीपाशी फोटो, दही, शेंगदाण्याची चटणी. मला हुरडा आवडतो. पण हुरड्याला येणारा माणूस कणीस दुधात असताना येतो आणि ताट उपटायची वेळ येण्याआधी निघून जातो. त्या फलकांवर हिरवं शिवार असतं, चिंध्या बांधलेला तळवा कुठे दिसत नाही.

आणि खरं सांगायचं तर या खोऱ्यात शाळू भाकरीच्या प्रेमामुळे टिकलेला नाही, जनावरांमुळे टिकला आहे. मोहोळच्या संशोधन केंद्रानं निवडलेली शाळूची मालदांडी जात इतकी वर्षं टिकली त्यात चवीइतकाच कडब्याचा वाटा आहे. 2013 आणि 2019 च्या दुष्काळात या भागात चारा छावण्या होत्या. माणसं जनावरांसह तिथे महिनोन्‌महिने राहिली. ज्याच्या घरी कडब्याची वळई होती त्याला दावणीची गाय विकावी लागली नाही. दुष्काळाचं निघालं तेव्हा आजी मागे, बहात्तरात गेल्या. ‘‘तवा रेशनवर मिलो मिळायचा. लाल. भाकर थापली की फुटायची.’’ अमेरिकेची ती ज्वारी खाऊन त्या लहानपणी खडी फोडायच्या कामावर आईबरोबर गेल्या होत्या.

आता पाण्यानंही पिकं बदलली. निमगाव गांगर्ड्याला सीनेवर धरण आहे, भोसे खिंडीतून कुकडीचं पाणी त्यात येतं. ज्या वर्षी येतं त्या वर्षी ऊस आणि कांदा वाढतो. ज्याच्या शेतात पाणी पोचलं त्यानं शाळू का करावा, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी कडब्याचा व्यापारी दुचाकीवरून आला. त्यानं एक पेंढी उचलून पाला पाहिला, बुडखा पाहिला, शेकड्याचा भाव सांगितला. मालकांनी मान हलवली. तो आणखी थोडं चढला. मग दोघं बांधावर बसून तंबाखू मळू लागले, म्हणजे सौदा होणार होता.

‘‘पुढच्या साली एकच एकर,’’ मालक मला म्हणाले. ‘‘घरच्या भाकरीपुरता आणि दोन गायांपुरता. बाकी कांदा. सात माणसं आणायची कुठून?’’

शाळू गेला तर या बायांच्या हाताला काम काय, असं मी आजींना विचारलं, जरा हळहळतच. त्या हातावरच्या चिंध्या सोडत होत्या.

‘‘कांद्याला लई बाया लागत्यात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन्‌ काटताना बसून काम असतं. ह्यो उपटून बघितला नव्हं तुमी?’’