पाइपावरचा पांढरा लेप आणि छातीतली धाप

मांजरसुंब्याच्या फाट्यावर दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या गाड्या थांबतात. साखर कारखाना म्हटला की आपल्या भागात कोयताच डोळ्यांसमोर येतो. पण इथलेच काहीजण कारखान्याच्या आत, बॉयलरपाशी कामाला होते. त्यांपैकी साठीतले एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. एस.टी.तून उतरून दवाखान्यापर्यंत येताना त्यांना तीनदा बसावे लागले होते.

कोरडा खोकला, वाढत गेलेली धाप. दोनदा क्षयाची औषधे झालेली, थुंकी मात्र प्रत्येक वेळी निर्दोष. घरात त्यांचे ताट-तांब्या वेगळे ठेवलेले. पाठीला नळी लावली, तर कानाजवळ केस चोळावेत तसा बारीक आवाज आला. मी विचारले, "मामा, कारखान्यात नेमकं काय काम करायचा?"

"वाफेच्या पाइपाला दोरी गुंडाळायची, डॉक्टरसाहेब. वरून पांढरी पावडर कालवून लिंपायची. उन्हाळ्यात कारखाना बंद झाला की जुनं सगळं ठोकून काढायचं. धुरळा असा, की समोरचा माणूस दिसायचा नाही."

वाचकांनी हे वेष्टण कशासाठी असते ते समजून घ्यावे. गोधडी स्वतः ऊब तयार करीत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाइपावरचे वेष्टणही तेच करते. वाफ वाटेत थंड होत नाही, इंधन वाचते आणि चुकून हात लागला तरी कातडी सोलवटत नाही. वातानुकूलनाच्या थंड नळांवर ते नसेल, तर पाणी सुटून भिंतीला बुरशी येते. तेव्हा वेष्टण हवेच. प्रश्न ते कशाचे आहे, हा.

पूर्वी या कामाला अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत. हे खनिज जळत नाही, धाग्यासारखे पिंजता येते आणि स्वस्त. मात्र त्याचे तंतू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात. श्वासावाटे खोल गेलेले तंतू फुफ्फुसात रुततात, भोवतीचा भाग हळूहळू कडक होतो. हा अ‍ॅस्बेस्टोसिस. फुफ्फुसाचा आणि त्याच्या आवरणाचा कर्करोगही यातून होतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. लक्षणे दिसायला वीस ते चाळीस वर्षे लागतात, त्यामुळे निवृत्त माणसाला जुने काम आठवतच नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. यात आम्हा डॉक्टरांचा दोष मोठा आहे.

कडक झालेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध नाही. तंबाखूचा धूर बंद करणे, छातीच्या संसर्गावर लगेच उपचार घेणे आणि गरज पडल्यास प्राणवायू, एवढेच हाती असते. हा रोग संसर्गजन्य नाही. मामांचे ताट मी त्याच दिवशी घरच्यांत आणायला लावले. मात्र क्षयाची औषधे चालू असतील, तर कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत.

युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजूनही आयात होतो, मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील बाधित कामगारांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाईचा आणि आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. भरपाईस पात्र व्यावसायिक आजारांत अ‍ॅस्बेस्टोसिस येतो, म्हणून जुनी हजेरीपत्रके, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाचे कागद फेकू नयेत.

नव्या कामात काचेची लोकर, दगडी लोकर किंवा काळा रबरी फोम असतो. काचेच्या लोकरीने अंग खाजते, डोळे चुरचुरतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा वापरावा. तिला अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नाही.

जुन्या इमारतीत वा कारखान्यात पांढरा, तंतुमय लेप दिसला, तर नुसत्या डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत तो अ‍ॅस्बेस्टॉसच समजावा. शाबूत असेल तर छेडू नये. काढायचाच असेल तर जाणकारांकडून, ओला करून काढावा. कोरडा झाडू मारू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत.

मामांच्या पत्नीला मी पुढच्या आठवड्यात एक्स-रेसाठी बोलावले आहे. ते धुळीचे कपडे वीस वर्षे त्याच झटकून धूत होत्या.