अप्पांची आरएक्स

गुहागरात लोखंडाला म्हातारपण लवकर येतं. खिडकीचे गज, विहिरीचा रहाट, सायकलची घंटा, गेटाची बिजागरी… समुद्रावरून येणारा खारा वारा कुणाचीही गय करत नाही. आमचं घर खालच्या पाटात. पुढच्या दारी रस्ता, मागच्या दारी नारळी-पोफळीचं आगर, आगर संपलं की सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. अशा घराच्या मागच्या पडवीत एखादी मोटारसायकल चौदा वर्षं नुसती उभी राहिली तर तिचं काय होत असेल, याची कल्पना घाटावरच्या वाचकांना यायची नाही.

ही मोटारसायकल आमच्या अप्पांची. यामाहा आरएक्स १००. अप्पा प्राथमिक शिक्षक. शाळा घरापासून सोळा किलोमीटर आत, डोंगरातल्या एका वाडीत. एसटी दिवसातून दोनदा, तीही लहर लागली तर. १९८९ साली अप्पांनी फंडातून कर्ज काढलं आणि ही काळी गाडी दारात आणली. आईने तिच्यावर अक्षता टाकल्या, हँडलला झेंडूचा हार घातला आणि पहिली फेरी अर्थातच व्याडेश्वराच्या देवळापर्यंत झाली. पुढे अप्पा निवृत्त झाले, काचबिंदूने दृष्टी आकसत गेली आणि २००८ साली त्यांनी स्वतःच किल्ली काढून देवघरातल्या फडताळात ठेवली. त्यानंतर त्या गाडीकडे कुणी बघितलं नाही. कोंबड्यांनी मात्र बघितलं. सीटखाली त्यांचं बाळंतपणाचं घर झालं!

नोकरी आटोपून मी पुण्याहून गावी परतलो आणि २०२२ च्या दिवाळीनंतर एके दिवशी ही गाडी पडवीतून खळ्यात ओढली. ओढली म्हणजे अक्षरशः ओढली, कारण दोन्ही चाकं जाम होती. आई म्हणाली, "भंगारवाला फणसूचे पैसेही देणार नाही हो तिचे." पुण्याच्या एका ओळखीच्या मुलाचं मत वेगळं होतं. तो आहे त्या अवस्थेत, रोख पैसे मोजून न्यायला तयार होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आपल्या पडवीत जे सडतंय त्याला जग हल्ली 'व्हिंटेज' म्हणतं.

तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा. ऐंशीचं दशक उजाडेपर्यंत आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे बुलेट, येझदी नाहीतर राजदूत. मग परदेशी सहकार्याचं दार थोडं किलकिलं झालं आणि चार जपानी सुना चार देशी घरांत आल्या. सुझुकी टीव्हीएसकडे, होंडा हिरोकडे, कावासाकी बजाजकडे आणि यामाहा एस्कॉर्ट्सकडे. यामाहाची थोरली राजदूत ३५० ही १९८३ साली आली. ती देखणी, पण पेट्रोल पिण्यात आणि किमतीत मध्यमवर्गाला न झेपणारी. १९८५ च्या अखेरीस आलेली आरएक्स १०० मात्र शिक्षकाच्या आवाक्यातली होती. इंजिन अवघं ९८ सीसीचं, पण ताकद अकरा अश्वशक्तीची आणि अंग हलकं. त्यामुळे आमच्या घाट्या-वळणांवर ती शेळीसारखी चढायची. १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर नव्या नियमांत बसणारा नव्हता.

मी काही मेकॅनिक नाही. मिक्सरचा स्क्रू आवळण्यापलीकडे माझी मजल नव्हती. त्यामुळे पहिलाच धडा स्क्रूनेच शिकवला. इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या झाकणांना फुलीच्या खाचेचे लोखंडी स्क्रू असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे स्क्रू आत जवळजवळ उगवल्यासारखा घट्ट. मी घरातला स्क्रू ड्रायव्हर लावला, जोर केला आणि दोन स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून ठेवली. शृंगारतळीच्या एका जाणत्या मेकॅनिकने कपाळाला हात लावला. "काका, जपानी स्क्रूची खाच वेगळी. तिला आपला पाना नीट बसत नाही, वर सरकतो." स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो त्या जपानी मापाची खूण. त्याला जपानी मापाचंच टोक लागतं, आणि स्क्रू हटूनच बसला असेल तर हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तेहतीस वर्षं ही गाडी आमच्या घरात होती आणि तिच्या अंगावरचा तो ठिपका मी कधी पाहिला नव्हता!

आता पिस्टन. तो सिलिंडरमध्ये गंजून चिकटला होता. प्लगच्या भोकातून रॉकेल आणि ऑइल ओतलं आणि आठ दिवस नुसती वाट पाहिली. इथे घाई करणारा माणूस किकवर उभा राहतो आणि काहीतरी मोडतो. नवव्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूच पुढे-मागे डुलवलं, तेव्हा आतून 'चर्र' असा आवाज आला आणि पिस्टन केसभर हलला. सिलिंडर घेऊन चिपळूणला लेथवाल्याकडे गेलो. त्याचं लेथ मशीन २२ जुलै २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलं होतं. त्याने ते सगळं खोलून, धुऊन, पुसून पुन्हा उभं केलेलं. माझा गंजका सिलिंडर हातात घेऊन तो म्हणाला, "याला काय झालंय? यापेक्षा वाईट बघून झालंय." अर्धा मिलिमीटर मोठं बोअर करून त्याने सिलिंडर परत दिला. त्या मापाचा पिस्टन पुण्याला नाना पेठेत मिळाला.

पेट्रोलची टाकी आतून गंजाच्या पापुद्र्यांनी भरली होती. तीत पांढरं व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवलं, मूठभर नट टाकून खुळखुळ्यासारखी हलवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली आणि लगेच वाळवली. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. आमच्याकडे धुतलेलं लोखंड दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा तांबूस होतं. कार्बुरेटरच्या बारीक जेटमध्ये जुनं पेट्रोल लाखेसारखं वाळलं होतं. ते काढायला सुई चालत नाही, भोक मोठं होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार घ्यायची. रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. कोकणात ओलीला काय तोटा?

आणि मग निघाली ती रीड. कार्बुरेटरच्या मागे एक छोटी पेटी असते. तिच्यावर पातळ पट्ट्या. इंजिनाने श्वास आत घेतला की त्या उघडतात, सोडायची वेळ आली की मिटतात. मी ती पेटी अप्पांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "अरे, हे तर बाजाच्या पेटीतलं दिसतंय."

अप्पा देवळात भजनाला वर्षानुवर्षं पेटी वाजवायचे आणि तिची दुरुस्तीही घरीच करायचे. त्यांचं म्हणणं वाटतं तेवढं गमतीचं नव्हतं. यामाहा हे मुळात एका माणसाचं नाव. तोराकुसु यामाहा घड्याळं आणि वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करायचे. १८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावच्या एका शाळेतला ऑर्गन बिघडला, तो दुरुस्त करायला त्यांना बोलावलं. हा रीडचा ऑर्गन, आपल्या पेटीच्या नात्यातलाच. उघडून बघितल्यावर त्यांना वाटलं, हा तर आपणही करू शकू. त्यांनी केला, आणि तो खांद्यावर वाहून हाकोनेचे डोंगर ओलांडत सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या टोकियोला तज्ज्ञांकडे नेला. तज्ज्ञ म्हणाले, सूर चुकलेत. यामाहा तिथेच राहून स्वरशास्त्र शिकले आणि परत येऊन दुसरा केला. कंपनीने पहिली मोटारसायकल काढली ती थेट १९५५ साली. आजही तिच्या चिन्हात तीन स्वरकाटे आहेत. म्हणजे या सगळ्या कारभाराच्या मुळाशी एक बिघडलेली वस्तू आणि ती उघडून बघणारा एक माणूस आहे.

टाकी रंगाला चिपळूणला गेली होती, तरी मला धीर धरवेना. पेट्रोलची बाटली सलाईनसारखी पडवीच्या वाशाला टांगली. लिटरमागे वीस मिली टू-टी ऑइल मिसळलेलं होतंच. सातव्या किकला गाडी सुरू झाली! आई धावत बाहेर आली, कोंबड्या उडाल्या. पण आनंद दोन मिनिटांचा ठरला. इंजिन खाली येईना. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी ते आपलं किंचाळतच राहिलं. घाबरून किल्ली बंद केली. कार्बुरेटर पुन्हा खोलला, पुन्हा जोडला. पुन्हा तेच. चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी माजघरातून अप्पांचा आवाज आला, "पट्टी दाबलेली नसताना सूर वाजतोय. कुठून तरी वारा जातोय बघ." पेटीत पट्टीखालचं चामडं नीट बसलं नाही की बोट न लावताही सूर घुमत राहतो. अप्पांनी तो आजार शेकडो वेळा ऐकला होता. मी मॅग्नेट काढला. त्याच्यामागचं रबरी ऑइल सील मी 'वरून तर बरं दिसतंय' म्हणून तसंच ठेवलं होतं. ते वाळून लाकूड झालेलं. तिथून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं. नवं सील बसवलं आणि गाडी शहाण्या मुलासारखी टुक-टुक करत उभी राहिली. ज्यांना दिसत नाही म्हणून मी या कामात फारसं विचारलं नव्हतं, त्यांनी जागेवरून न उठता दोष सांगितला होता.

आणि याच भरात मी ती चूक केली.

१९९२ च्या मे महिन्यात खळ्यातल्या झाडावरून एक कापा फणस थेट टाकीवर पडला होता. उजव्या अंगाला चांगला वाटीएवढा पोचा आला. अप्पांनी तो कधी काढून घेतला नाही. "फणसाची सही आहे," म्हणायचे. पहाटे अंधारात गाडी बाहेर काढताना त्यांचा अंगठा त्या पोच्यात बसायचा. मी टाकी रंगाला देताना पेंटरने विचारलं, "पोचा काढू ना?" मी म्हटलं, काढा. मासिकांतल्या गाड्या कशा आरशासारख्या असतात! टाकी आली तीही आरशासारखीच आली.

गाडी पूर्ण जोडली त्या संध्याकाळी अप्पा भिंतीला हात लावत पडवीत आले. हँडल चाचपलं, सीटवर थाप मारली आणि हात टाकीच्या उजव्या अंगावर नेला. हात तिथेच फिरत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा.

"ही कुणाची गाडी?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. गंज काढावा, जाम झालेलं सोडवावं, वारा गळतो तिथे सील घालावं. पण पोचा म्हणजे काही बिघाड नव्हे. त्याने गाडीचं काहीच अडत नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्याला काय बदलायचं एवढं कळून भागत नाही. कशाला हात लावायचा नाही हेही विचारून घ्यावं लागतं, आणि ज्याची वस्तू आहे त्यालाच विचारावं लागतं. पडवीतून माजघर दहा पावलांवर होतं. मी विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात. कागदपत्रांचं नूतनीकरण झालं. गंजलेला चेसिस नंबर रॉकेलने धुऊन, खडू घासून वाचता आला. २०२१ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी 'व्हिंटेज' व्हायला पन्नास वर्षं पुरी लागतात, त्यामुळे आमची गाडी कागदावर अजून तरुणच आहे. ती मी रोज चालवत नाही. टू-स्ट्रोक इंजिन काही पेट्रोल न जाळताच बाहेर सोडतं. तो धूर नातवंडांच्या नाकात जायला नको. आठवड्यातून एकदा आऱ्यापर्यंत जाऊन येतो आणि आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवतो. वर प्लास्टिक घालत नाही, आत ओल कोंडते. जुनी सुती चादर घालतो. समुद्राच्या शेजारी गाडी एकदा नवी करून भागत नाही, दर आठवड्याला थोडी करावी लागते. पुण्याच्या मुलाला नाही म्हणून कळवलं.

त्या संध्याकाळी मी अप्पांना सगळं सांगितलं. पोचा काढायला मीच सांगितलं, हेही. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सुरू कर." मी किक मारली. त्यांनी मान थोडी तिरकी करून ऐकलं, भजनात पेटीचा सूर लागला की करायचे तशी. मग टाकीवरचा हात काढून घेत म्हणाले, "असू दे. फणसाचं झाड अजून आहे."

तेव्हापासून मे महिन्यात गाडी मी मुद्दाम त्या झाडाखालीच लावतो. बायको ओरडते.