नर्स व्हायचंय? मग गणित हवंच!

मुलांनो, पेणच्या गणपती कारखान्यात मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणाच्याही हाती देत नाहीत. वर्षानुवर्षं सरावलेला हातच तिथे लागतो. नर्सचा हातही असाच घडतो, बरं का!

"नर्स म्हणजे काय, डॉक्टर सांगतील ते करायचं," असं पेण-रोह्याकडे अजूनही काही घरांत म्हणतात. पण बी.एस्सी. नर्सिंग ही चांगली ४ वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. आपल्या देशात हे पदवीशिक्षण १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झालं. मुंबईचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४ मधलं.

तिथे काय शिकवतात? शरीररचना, औषधं, आहार, मानसशास्त्र... आणि हिशेबसुद्धा! हे गणित सोडवा पाहू. ५०० मिलिलिटर सलाइन ८ तासांत द्यायचं आहे. या नळीतून १ मिलिलिटरचे २० थेंब पडतात. मग मिनिटाला थेंब किती? एकूण थेंब १०,००० आणि मिनिटं ४८०. म्हणजे सुमारे २१ थेंब. भलत्याच वेगाने सलाइन सोडलं, तर अशक्त रोग्याच्या हृदयावर ताण येऊन फुफ्फुसांत पाणी साठू शकतं. इथे चुकलं, तर नुसते मार्क जात नाहीत!

दुसरी विद्या निरीक्षणाची. लावणीच्या दिवसांत कोणाला साप चावला, तर त्याचं थोडं रक्त कोरड्या काचनळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष भिनल्याची शंका घेतात. तोवर रोग्याच्या पापण्या जड होतात का, श्वास मंदावतो का, यावर नर्सची नजर असते. फरक दिसताच ती डॉक्टरांना बोलावते.

तिसरी गोष्ट, प्रसंगावधान. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी घुसले. ड्यूटीवर होत्या परिचारिका अंजली कुलथे. त्यांनी दारं लावून घेतली आणि २० गरोदर बायकांना आतल्या लहानशा खोलीत नेलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या. भिंतीच्या कडेकडेने त्यांनी तिला प्रसूतिगृहात पोचवलं. पुढे न्यायालयात साक्षही दिली.

पालकहो, प्रवेश घेण्याआधी कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे ना, हे जरूर पाहा. आणि हो, ही वाट फक्त मुलींची नाही. मुलगेही नर्स होतात!