स्कूटरचा स्टँड

पहिल्या दिवशी समुपदेशक ताईंनी विचारलं, "कुठल्या खुर्चीत बसता?" तीन खुर्च्या होत्या. पाठीशी भिंत आणि समोर दार येईल अशी मी निवडली. का, ते तेव्हा उमगलं नाही. दार लोटून घेऊ की किलकिलं ठेवू, हेही त्यांनी विचारलं. वयाच्या ४६व्या वर्षी दाराबद्दल माझं मत कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं.

मी तयारीनं गेले होते. वडिलांचं पिणं, आईला बसणारा मार, सगळं वहीत लिहिलेलं. ताई म्हणाल्या, "वही राहू दे पिशवीत. आज घाई नको." मला रागच आला. पण यापूर्वी एका समुपदेशकाकडे मी पहिल्याच तासात सगळं ओकून टाकलं होतं. चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पुन्हा तिकडे फिरकले नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग माणसांत परतणं. माझा पहिला टप्पाच कुणीतरी गाळला होता.

इथे सुरुवातीचे आठवडे पाय जमिनीला टेकलेत का, श्वास कुठे अडतो, एवढंच चाललं. नको वाटलं की हात वर करायचा, असं ठरलं होतं.

सातव्या भेटीत खाली गल्लीत एक स्कूटर येऊन बंद पडली. मी बोलता बोलता गप्प झाले. खांदे कानांपर्यंत चढले, तळवे गार. ताईंनी काय आठवलं ते विचारलं नाही. "खोलीतल्या निळ्या वस्तू सांगा," म्हणाल्या. पडदा, पेन, पाण्याच्या बाटलीचं झाकण... तिसऱ्या वस्तूला श्वास खाली उतरला. मग मीच सांगितलं. रात्री वडिलांच्या स्कूटरचा स्टँड पहिल्या दणक्यात लागला, तर निभावलं. दोनदा घसरला, की मी धाकट्या भावाला उचलून मागच्या खोलीत न्यायची. मी नऊ वर्षांची होते.

"तुमच्या कानांनी दोघांना सांभाळलं," ताई म्हणाल्या. त्या भित्रेपणाची मला आयुष्यभर लाज वाटत आली होती.

"चांगल्या घरातल्या गोष्टी बाहेर जात नाहीत," असं आई म्हणायची. फेलिटी आणि अँडा यांचं बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचं संशोधन १९९८ साली छापून आलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोतल्या ज्या सुमारे साडेनऊ हजार लोकांनी त्यात माहिती दिली, ते आरोग्यविमा असलेले, बहुतांशी मध्यमवर्गीय. घरात कुणी दारूच्या आहारी होतं का, हाही प्रश्न त्यात होता. असे अनुभव जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्याचा आणि हृदयविकाराचाही धोका जास्त, असं दिसलं. चांगली घरं तिथेही होतीच.

वडील गेल्यापासून नातेवाईक म्हणतात, माफ करून टाक. ताई हे एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आठव्या महिन्यात वही उघडली. अर्धं पान वाचलं आणि हात वर केला. ताई लगेच थांबल्या. उरलेली वीस मिनिटं आम्ही भावाबद्दल बोललो. त्याला स्टँडचा तो आवाज आठवतो का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.